खालच्या टप्प्याचा गोळा

मालगाडी न थांबता स्टेशनात शिरली, तेव्हा सांधेवाला फलाटाच्या टोकाला हात उंच करून उभा होता. हातात वेताचं मोठं कडं, कड्याला चामड्याची पिशवी आणि पिशवीत लोखंडी गोळा. इंजिनाच्या दारातून ड्रायव्हर कमरेपर्यंत बाहेर वाकला. एका हाताने नवं कडं घ्यायचं, दुसऱ्या हाताने जुनं खाली द्यायचं. झोपेतही चुकू नये इतक्या वेळा त्याने हे केलं होतं. पण त्याच क्षणी त्याला बाकावर बसलेल्या ताई दिसल्या.

"वहिनी, उस्ताद कसे आहेत?" त्याने चालत्या इंजिनातून विचारलं. त्याचा आवाज असा होता की कंपनीत सगळे त्याला गडगड्याच म्हणत.

"वाट बघतायत," ताईंनीही मोठ्याने सांगितलं. "निघालेच आहे."

कडी बदलली. रिकामे डबे खडखडत पुढे गेले आणि चढाला लागले. सांधेवाल्याने पिशवीचं बक्कल काढलं, गोळा तळहातावर घेतला आणि तसाच उभा राहिला. मग त्याने लाल निशाण उपसलं आणि फलाटावरून धावत सुटला. पण गाडीच्या शेपटाला बघणारं कुणी नव्हतं. पूर्वी मागे गार्डाचा डबा असे. खर्च कमी करताना कंपनीने पहिला तोच काढला होता.

मास्तर ऑफिसच्या दारात आले.

"काय झालं?"

सांधेवाल्याने गोळा पुढे केला. त्यावरचं कोरलेलं अक्षर मास्तरांनी वाचलं, अंगठ्याने पुसलं आणि पुन्हा वाचलं.

"हा तर आपण आत्ता दिलेला," सांधेवाला म्हणाला. "घेतला अन् हाच परत दिला. खालचा त्याच्याकडेच राहिला."

गोळ्याची पद्धत अगदी साधी आहे. दोन स्टेशनांच्या मध्ये, म्हणजे एका टप्प्यात, रूळ एकच. त्यावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र असतं आणि ती दोन यंत्रं तारेने बांधलेली असतात. दोन्ही मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर पडतो. ज्या ड्रायव्हरकडे गोळा, त्याची लाइन. पलीकडच्या स्टेशनात पोचल्यावर त्याने तो द्यायचा, तिथल्या मास्तरांनी तो यंत्रात टाकायचा, मगच पुढचा गोळा सुटतो. तोवर यंत्राच्या दांड्याला लोंबकळलं तरी उपयोग नाही. आज खालच्या टप्प्याचा गोळा मालगाडीबरोबर डोंगर चढून चालला होता. वरच्या टप्प्याचा मास्तरांच्या हातात असल्यामुळे समोरून कुणी तिच्यावर येणार नव्हतं. धोका कुणालाच नव्हता. फक्त खाली शहराकडे जाणारी लाइन कुलूप घातल्यासारखी बंद झाली होती, आणि शहराकडे जाणारी पॅसेंजर बाजूच्या रुळावर वाफ सोडत उभी होती.

त्याच पॅसेंजरने ताई जाणार होत्या.

ताई ही मास्तरांची मोठी बहीण. तिचे यजमान, मास्तरांचे भाऊजी, याच कंपनीत ड्रायव्हर होते. गेला महिनाभर ते शहरात, स्टेशनासमोरच्या इस्पितळात होते. काल जरा बरं वाटलं म्हणून मुलीने आईला हट्टाने घरी धाडलं होतं, एक रात्र तरी पाठ टेक म्हणून. आज उजाडताच शहराच्या स्टेशनातून मुलीचा फोन आला. आईला पहिल्या गाडीने पाठवा, बाबा सारखे विचारतायत. पहिली गाडी हीच होती. बस धरणाला वळसा घालून जायची, आणि तीही निघून गेली होती.

मास्तर फोनकडे गेले. आधी वरच्या स्टेशनला सांगितलं, मग खालच्या, मग शहरातल्या यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला.

"मी येऊन यंत्र उघडू शकतो," मिस्त्री म्हणाला. "पण यायचं कशाने? तुमची लाइन सुरू झाली की लगेच येतो."

मास्तरांनी फोन ठेवला. सांधेवाला तोंड दुसरीकडे करून हसला आणि मग हसल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला.

बातमी गाडीभर व्हायला वेळ लागला नाही. माणसं उतरली, ऑफिसच्या खिडकीशी जमली. एक चष्मेवाले गृहस्थ सगळ्यांच्या वतीने पुढे झाले.

"मास्तर, ते समोर काय आहे? रूळ. रिकामे रूळ. खालच्या स्टेशनात गाडी नाही असं तुम्हीच सांगता. मग अडलंय कुठे?"

"गोळा नाही."

"तो काय तुमच्या हातात."

"हा वरच्या टप्प्याचा."

"दोन्ही गोळेच ना?"

"घराची किल्ली अन् शेजाऱ्याची किल्ली, दोन्ही किल्ल्याच असतात साहेब," सांधेवाला म्हणाला.

मागून एक म्हातारी पुढे सरकली. "काखेत कळसा अन् गावाला वळसा ऐकलं होतं," ती म्हणाली. "यांचा कळसा तर डोंगर चढून गेला."

लोक हसले. मास्तरांनाही हसू आलं असतं, एरवी. ते फक्त "बसा, पाणी प्या, वेळ लागेल" एवढंच म्हणाले आणि खिडकी ओढून घेतली.

कंपनी तशी लहानच. एका खाणमालकाने दगड खाली आणायला रूळ टाकले, मग धान्याच्या व्यापाऱ्यांनी त्यात पैसा घातला, मग दगडांच्या मागे एक डबा माणसांसाठी लागला. डब्याचे दोन झाले, दोनाचे चार झाले आणि चाराचे पुन्हा दोन. इंजिनं दुसऱ्या कंपन्यांनी टाकून दिलेली, गणवेश ज्याने त्याने आपला शिवलेला. गाडी आली की तिची वेळ झाली असं समजायचं, असं लोक म्हणत. पण एका बाबतीत या कंपनीला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं. गोळा हातात नाही तर गाडी जागेवर. दुसरीकडे यंत्र अडलं की कागदावर परवानगी लिहून गाडी सोडत. इथे तो कागदच नव्हता.

एके काळी होता. तेव्हाही सकाळच होती, लाइन अशीच सगळ्यांना रिकामी दिसत होती, आणि तेव्हाच्या मास्तरांनी कागद लिहून गाडी सोडली. खिंडीच्या वळणापलीकडून खडीची गाडी येत होती, ती तेवढी दिसली नाही. त्या पॅसेंजरवर कोळसा टाकणारा एक पोरगा होता. धक्क्याने तो बाहेर फेकला गेला म्हणून वाचला आणि जन्मभर एक पाय ओढत चालला. तेच भाऊजी. पुढे स्वतः ड्रायव्हर झाल्यावर नव्या प्रत्येक ड्रायव्हरला ते त्या खिंडीत पायी घेऊन जात. तिथे बोलत काहीच नसत. वळणावर उभं करायचे आणि म्हणायचे, "बघ, किती दिसतं." गडगड्यालाही त्यांनी तिथे उभं केलं होतं.

दार ढकलून ताई आत आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेला थर्मास.

"छोट्या, किती वेळ?"

मास्तरांच्या मिशा पिकल्या होत्या, पण ताईंना ते छोट्याच होते.

"मालगाडी वर पोचली की इंजिन सुटं करतील. ते एकटंच गोळा घेऊन खाली येईल."

"चढ किती आहे ते मला सांगू नकोस. बावीस वर्षं डबा बांधून दिलाय त्या चढासाठी. दुपार होईल म्हण."

"दुपारच्या आधी. जरा आधी."

ताई खुर्चीवर बसल्या नाहीत. यंत्राकडे बघत उभ्या राहिल्या.

"लहानपणी आई तुला दुधापाशी बसवायची," त्या म्हणाल्या. "तू अगदी नजर न हलवता बघायचास. दूध वर यायचं, वर यायचं, उतू जायचं. तू बघतच."

"ताई, मी काय करू?"

"सोड की गाडी. ही एवढी सोड. माणसं आहेत ना आत, मी आहे. समोरून काही येत नाही हे तुलाही ठाऊक आहे अन् मलाही..."

तिथेच त्या थांबल्या. थर्मासवरचा टॉवेल सरकला होता, तो त्यांनी घट्ट केला.

"नको," त्या म्हणाल्या. "मी बोललेच नाही असं समज. गोळ्याशिवाय आले असं कळलं तर बरे झाल्यावर घरात घ्यायचे नाहीत मला."

त्या बाहेर गेल्या. मास्तरांनी यंत्राचा दांडा धरला आणि ओढून पाहिला. तो हलला नाही. हलणार नाही हे त्यांना माहीत होतं. तरी त्या सकाळी त्यांनी तो किती वेळा ओढला असेल, तेच जाणोत. मध्येच वरच्या स्टेशनला फोन करायचे, "दिसली का?" आणि वरचे मास्तर म्हणायचे, "अहो, इंजिन आहे ते, पाखरू नाही." पुन्हा दांडा. पुन्हा खिडकीतून चढाकडे नजर. धुराची रेघ टेकडीमागे गेली, पुन्हा दिसली, पुन्हा गेली. सांधेवाल्याने भाकरी खाऊन घ्या म्हटलं, तर मास्तर त्याच्यावरच खेकसले. त्या माणसाने बिचाऱ्याने गुमान डबा झाकून ठेवला.

बाहेर चष्मेवाले थकून डब्यात जाऊन बसले. म्हातारी पेंगली. मांडीवर तान्हं घेतलेली एक बाई ताईंच्या बाकावर येऊन टेकली. ताईंनी अधूनमधून थर्मासला हात लावून बघितला.

अखेर वरून फोन आला. मालगाडी पोचली. गडगड्याने स्वतःच पिशवी उघडून पाहिली आणि खालीच बसला. मग उठून इंजिन स्वतःच सोडवायला लागला. मास्तरांनी हातातला गोळा आपल्याकडच्या वरच्या टप्प्याच्या यंत्रात टाकला, वरच्या मास्तरांनी तिकडून एक काढून घेतला, आणि इंजिन एकटंच उताराला लागलं.

"आता उतार आहे," मास्तर सांधेवाल्याला म्हणाले. "आता काय, येतोच तो." सकाळपासून पहिल्यांदा ते घोटभर पाणी प्याले.

ग्लास खाली ठेवतात तोच दुसरा फोन वाजला. शहराच्या स्टेशनातून. भाचीचा आवाज होता.

"मामा, आई निघाली?"

"अजून नाही गं. आता निघेल. लाइन..."

"मामा, बाबा गेले."

मास्तरांनी मोकळ्या हाताने टेबलाची कड धरली.

"कधी?"

"आत्ताच. म्हणजे जरा वेळ झाला. मी धावतच आले इकडे." ती श्वास घ्यायला थांबली. "खिडकीतून स्टेशनातल्या शिट्ट्या ऐकू येतात ना. प्रत्येक शिट्टीला डोळे उघडायचे. विचारायचे, ही आपली का?"

मास्तरांनी खिडकीतून बाकाकडे पाहिलं.

"आईला आत्ता नका सांगू. गाडीत एकटी असेल ती. इथे उतरली की मी सांगते. सांगणार नाही ना, मामा?"

"नाही."

फोन ठेवल्यावर ते उभेच राहिले. मनातल्या मनात त्यांनी पॅसेंजर वेळेवर सोडली. पूल ओलांडला. खालचं स्टेशन, गोळा दिला, गोळा घेतला. कारखान्याची भिंत. शहर. ताई उतरल्या, रस्ता ओलांडला, जिना चढल्या, खाटेपाशी बसल्या. थर्मासचं झाकण उघडलं. त्यातलं थोडं दूध चमच्याने दिलंही. बराच वेळ बसल्या. वेळ उरत होता. हिशोब पुन्हा करून पाहिला, सगळीकडे गाडी उशिरा नेऊन पाहिली. तरी वेळ उरत होता.

सांधेवाल्याला त्यांनी काही सांगितलं नाही. "दोन चहा कर," एवढंच म्हणाले. दोन्ही पेले घेऊन ते फलाटावर गेले आणि बाकाशी थांबले.

ताईंनी वर पाहिलं. पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि त्यांना जागा करून दिली. मास्तर बसले. चहा दिला. दोघं समोरच्या रुळांकडे बघत राहिले. पलीकडे पॅसेंजरचा ड्रायव्हर चाकांना तेल देत होता.

"इंजिन निघालंय वरून," मास्तर म्हणाले.

"हं."

तान्हं बाळ एकदा कुरकुरलं आणि थांबलं.

"यंत्रापाशी कोण आहे?" ताईंनी विचारलं.

"कुणी नाही."

ताईंनी मान हलवली. चहाचा पेला दोन्ही हातांत धरला होता, तो त्यांनी तसाच बाकावर ठेवला. मग टॉवेल सोडला, थर्मास काढला आणि शेजारच्या बाईपुढे धरला.

"घ्या, दूध आहे. गरम आहे अजून. बाळाला नको, तुम्हीच प्या. अंगावर पाजता ना?"

"अहो, तुमच्या माणसासाठी नेताय ना?" ती बाई म्हणाली.

"तुम्ही घ्या."

बाईने घेतलं. ताईंनी टॉवेलाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा नीट घातली आणि पिशवीच्या अगदी तळाशी सारली. मास्तर चपलेच्या टोकाने फलाटावरचा खडा पुढेमागे करत होते.

"छोट्या."

"हं."

"गाडी वेळेवर सुटली असती, तर?"

खडा फलाटावरून खाली पडला. मास्तर त्याच्याकडेच बघत म्हणाले,

"नसती पोचलीस ताई. ते... त्याआधीच."

ताई त्यांच्याकडे वळल्या. त्या चेहऱ्याला त्यांनी अंघोळ घातली होती, मार दिला होता, परीक्षेच्या दिवशी पाणी लावून त्याचे केस बसवले होते. त्या बघत राहिल्या. मास्तरांना मान वर करता आली नाही.

टेकडीमागून शिट्टी आली, एक लांब आणि दोन आखूड.

"तेच त्याला सांग," ताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"येतोय त्याला. पण असं नको. जमिनीकडे बघून नको सांगू, अन् मध्ये अडखळू नकोस. त्याला पुढची वीस वर्षं इंजिन चालवायचंय."

पदराने त्यांनी तोंड पुसलं, फक्त एकदा, घाम पुसावा तसं. मग पिशवी उचलून पॅसेंजरकडे चालू लागल्या. पायरी उंच होती. सांधेवाला हात द्यायला धावला. तो त्यांनी घेतला.

इंजिन अजून पुरतं थांबलंही नव्हतं, तेवढ्यात गडगड्याने उडी टाकली. कडं छातीशी धरलं होतं. मास्तरांनी पिशवी उघडली, अक्षर वाचलं, आत जाऊन गोळा यंत्रात टाकला. खालच्या स्टेशनची घंटा वाजली. या वेळी दांडा अगदी सहज आला आणि नवा गोळा हातात पडला. तो कड्याच्या पिशवीत घालून ते बाहेर आले, तर गडगड्या दाराशीच उभा. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता त्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागत होतं.

"मास्तर, उस्ताद..."

"गेले."

त्याने भिंतीला हात लावला.

"माझ्यामुळे वहिनी..."

मास्तरांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. डब्याची खिडकी चार पावलांवर होती आणि उघडी होती. ताई आत बसल्या होत्या, समोरच्या रिकाम्या बाकाकडे तोंड करून.

"नाही," मास्तर म्हणाले. "गाडी वेळेवर सुटली असती तरी त्या पोचल्या नसत्या. ते पहाटेच गेले. फोन उशिरा आला."

"खरं सांगताय?"

मास्तरांचे शब्द तेवढेच होते. ते संपले. हातातलं कडं त्यांनी या हातातून त्या हातात घेतलं.

"अरे, त्याला खोटं बोलता येतं का?" ताई खिडकीतून म्हणाल्या. "लहानपणापासून जमत नाही त्याला."

गडगड्या खिडकीकडे वळला. त्याच्या अंगातला सगळा ताण एकदम सुटला.

"मग बरं," तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. "बरं म्हणजे, वहिनी, तसं नाही, मला इतकंच..."

"कळलं रे मला," ताई म्हणाल्या. "जा तू. तुझे डबे वर उघड्यावर उभे आहेत."